मागची डावी स्प्रिंग: कोल्हापूर ते बिबवेवाडी

सुहासने हेल्मेट विकायला काढलं, त्याच दिवशी मी पुण्याला जायचं ठरवलं. कार शर्यतीच्या सरावात एका उजव्या वळणावर त्याची गाडी मागून सुटली, टायरच्या भिंतीवर आदळली आणि त्याचा खांदा मोडला. "माझाच हात चुकला," असं तो सगळ्यांना सांगत होता. गाडी जुळवली होती मी.

पहाटेच्या एसटीने निघालात तर जेवणाच्या आधी स्वारगेट येतं. माझ्या पोत्यात चार शॉक अब्सॉर्बर आणि चार स्प्रिंगा होत्या. कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलंच. चौपदरी झाल्यापासून रस्ता झकास आहे, पण कात्रजला अर्धा तास अडकलो. स्वारगेटला मिसळ घेतली. निम्मी तशीच राहिली.

बिबवेवाडीला रिक्षा मीटरने येते. मेधाताई पूर्वी एका कारखान्यात मापन विभागात होत्या. आता घराखालच्या गाळ्यात त्यांची चाचणीयंत्रं आहेत. आधी फोन करूनच जा.

"स्प्रिंगांवर कडकपणाचे आकडे लिहिलेत की मी," मी म्हणालो.

"अहो, मग आपण आलात कशाला?"

त्यांनी आधी ठरावीक वजनं ठेवून स्प्रिंगा मोजायचा काटाच तपासला. मग एकेक शॉक यंत्राला लावला. यंत्र तो वरखाली दामटत होतं आणि संगणकावर आलेख उमटत होता. मागच्या डाव्याची रेघ वेगळी आली. मी ताईंकडे पाहिलं.

"थंड आहे तो. गरम होऊ द्या."

दुसऱ्यांदा डाव्या-उजव्याच्या दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या. चारही शॉक ठीक होते. म्हणजे खरंच सुहास चुकला होता? मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लगेच लाज वाटली.

मग स्प्रिंगा. मागची उजवी पंचवीस मिलिमीटर दाबल्यावर अडुसष्ट किलो दाखवत होती. लिहिल्याप्रमाणे. डावी, एकोणनव्वद. ताईंनी ती काढली, फिरवून बसवली, पुन्हा दाबली. एकोणनव्वद.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

माझ्या गॅरेजात मागच्या स्प्रिंगांच्या दोन जोड्या एकाच रंगाच्या होत्या. कडक जोडीतल्या एकीवर मी न मोजता, मऊ समजून आकडा टाकला होता. उजव्या वळणावर सगळा भार तिच्यावरच येणार होता, आणि ती अशी कडक असली की मागचं चाक पकड सोडतं.

ताईंनी कागद छापून दिला. पुण्यात आणखी काही पाहिलं नाही. परतीच्या गाडीत तो कागद किती वेळा उघडला, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुहासच्या घरी गेलो. त्याने कागद डाव्या हाताने धरला आणि बराच वेळ वाचला.

"म्हणजे माझा हात चुकला नव्हता."

"नाही. माझा."

तो माझ्याकडे बघेना. त्याच्या आईने ठेवलेला चहा निवून गेला. प्रवास एका दिवसाचा होता, पण ती दहा मिनिटं अजून माझ्याबरोबर आहेत. आता नवी कोरी स्प्रिंगसुद्धा मी मोजल्याशिवाय लावत नाही.

शेवटी त्याने विचारलं, "बाकीच्या तीन बरोबर आहेत?"

"आहेत."

"मग चौथी कधी बसवायची?"