बॅटरी उतरू नये म्हणून

गाडी विकायचा हट्ट माझाच. नवरा जरा कुरकुरला, पण आठवड्यातले सहा दिवस पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या गाडीचं काय लोणचं घालायचंय? ऑफिसला मी शेअर रिक्षाने जाते, हा बसने. माझे सासरे, बाबा, तेवढे रोज दुपारी किल्ली घेऊन खाली जायचे. बॅटरी उतरू नये म्हणून गाडी चालू करून ठेवायचे. "गाडी आपल्यासाठी आहे की आपण गाडीसाठी?" मी ठणकावून विचारलं. बाबा एवढंच म्हणाले, "तुमची गाडी, तुम्ही ठरवा." मला वाटलं, सुटले बिचारे एका कामातून.

पहिला महिना काय तोऱ्यात होते मी! खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीत भेटेल त्याला ऐकवायचे, ना पार्किंगचं टेन्शन, ना सर्व्हिसिंगचं. बाबा मात्र अर्ध्या जेवणावरून उठायला लागले. विचारलं की, "काही नाही गं, भूक नाही."

मग एका शनिवारी वॉचमनने हटकलं. "ताई, बाबांचे फोन बंद झाले काय? गाडीत बसून रोज तासभर बोलायचे."

बाबांचा फोन तर कायम फ्रिजवर पडलेला असतो.

सासूबाई गेल्याला वर्ष झालं होतं. बाबा गाडी चालवायचे तेव्हा पुढची डावी सीट सासूबाईंची, तिथे दुसऱ्या कुणाची बसायची बिशाद नव्हती. आमचं घर वन बीएचके. हॉलमध्ये टीव्ही, तिथेच मुलीचा अभ्यास, तिथेच बाबांची कॉट. माणसाने बायकोशी दोन शब्द बोलायचे तरी कुठे? होती तेवढी एक जागा, ती मी विकून टाकली. वर शहाणपणा मिरवला. स्वतःचीच इतकी चीड आली की त्या दिवशी भाजी करपली तरी मी ओट्यापाशी नुसती उभी होते.

बाबा हल्ली अकरा वाजता बसचा पास घेऊन निघतात. परवा रजा टाकली आणि न सांगता त्यांच्या मागोमाग चढले. पुढे खिडकीशी बाबा बसले होते. शेजारची सीट रिकामी. ओठ हलत होते.

मी मूर्ख, जाऊन तिथेच बसले.

"तू गं कशी इथे?" म्हणाले, आणि मग एकदम गप्प. दोन स्टॉप गेले. मी उठले. "बसून पाठ दुखते बाबा, मी उभीच बरी," म्हटलं आणि त्या सीटला आडवी उभी राहिले. थोड्या वेळाने पाठीमागे पुटपुटणं सुरू झालं. मी वळून बघितलं नाही.

पुढच्या स्टॉपला भाजीच्या दोन पिशव्या घेऊन एक बाई चढली. "बसायचं नाय तर सरका ना ताई."

"तिथे आहे कोणीतरी," मी म्हणाले.

"कुठंय?" म्हणत ती मला कोपराने बाजूला सारून बसलीसुद्धा.

बाबा खिडकीकडे आणखी सरकले, मधे जरा जागा सोडून.