सोमवारच्या खेळाची पडदेवाली

"उजेड मरू द्या आधी," असं ती म्हणायची आणि पदराखालून दोन बोटं वर करायची. ती बोटं वर असेपर्यंत बायकांच्या बाजूला कुणी हलायचं नाही, कुणी खोकायचं नाही. मग थेटरातले दिवे जायचे, बोटं खाली यायची आणि पितळी कड्या तारेवरून खळखळत सरकायच्या. पडदा उघडायचा.

हा पडदा म्हणजे चित्रं दिसतात तो नव्हे, हे आजच्या वाचकांना सांगायला हवं. निजामाच्या अमलातलं बीड होतं ते. पत्र्याचं एकच थेटर. त्याच्या डाव्या अंगाला बायकांसाठी लांबट पट्टा, त्याला मागून वेगळं दार, आणि बायका-पुरुषांच्या मध्ये जुनी जाजमं शिवून केलेला जाड पडदा. अंधार झाला की तो बाजूला करायचा, म्हणजे बायकांना चित्र दिसायचं. उजेड व्हायच्या आत ओढून घ्यायचा, म्हणजे पुरुषांना बायका दिसू नयेत. मुसलमान घरच्या बायका गोषातल्या, तशाच आमच्यासारख्या देशमुख-पाटलांकडच्याही. तो पडदा ओढणारी ही पडदेवाली.

सगळी मुलं अंधाराला भितात. आम्ही त्या थेटरात उजेडाला भ्यायचो.

ती दोरीपाशी एका पालथ्या खोक्यावर बसायची. अंगानं काडी, आवाज घोगरा, पदर हनुवटीच्याही खाली ओढलेला. तिचं तोंड आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. तिचं लक्ष चित्राकडे कधीच नसे. एक कान मशीनच्या खोलीकडे आणि पदराआडून नजर छताच्या दिव्याकडे. त्या काळी एका खेळात रीळ दोनतीनदा तरी तुटायचं. तुटलं की आतला माणूस आधी दिवे लावायचा, मग शिव्या घालायचा. पण मशीन अडखळायला लागलं की तिला आधीच कळे. "मशीन खोकली बगा," ती पुटपुटायची, दोरीला झटका द्यायची, आणि उजेड यायच्या आत आम्ही बंद. पलीकडे पुरुष शिट्ट्या मारायचे, अलीकडे आम्ही चाळीस जणी श्वास धरून बसलेल्या. शेजारणीच्या छातीची धडधड मला ऐकू यायची. तिचा झटका कधी चुकला नाही.

आता मी तिथं कशी, ते सांगते. माझी आई लवकर गेली, वडील गावी शेतीवर, म्हणून मी बीडला काका-काकूंकडे वाढले. काकूला मूल नव्हतं. काका हात उगारणारे नव्हते, पण बोलले की बोलले. एकदा जेवताना, आवाज न चढवता, त्यांनी सांगून टाकलं होतं, "माज्या घरची बाई थेटराच्या दारात जरी दिसली, तरी त्याच दिशी तिला म्हायेरला घालवीन अन् दुसरी करीन." दुसरी करायला त्यांना निमित्तच हवं होतं. दोन स्थळं सांगूनही आली होती. काकूला हे सगळं पाठ होतं, तरी ती जायची.

दर सोमवारी काका बैलगाडी जुंपून शेतावर जात, ते दिवेलागणीला परत येत. दर सोमवारी काकू मला घेऊन कंकालेश्वराला जायची. बेल वाहिला की आम्ही तडक दुपारच्या खेळाला. महादेवाला भोळा म्हणतात ते खरं असावं, त्यानं कधी घरी येऊन सांगितलं नाही. मला तेव्हा वाटायचं, काकूला चित्रांचं वेड आहे. आता वाटतं, त्या दोन तासांत तिला कुणी हाक मारत नसे, एवढंच तिला हवं होतं. पण जाताना तिचे हात गार पडलेले असायचे, आणि येताना ती इतकी भराभर चालायची की मला पळावं लागे.

भीतीतही हसू यायचंच. शिरूर कासारची एक म्हातारी लेकीकडे आली होती, तिला कुणीतरी खेळाला आणलं. चित्रातला राक्षस समोर बघून गडगडाट करून हसला, तशी म्हातारीनं पदर ओढला आणि पडदेवालीला म्हणाली, "लाव गं बाई पडदा! त्यो मुडदा इकडंच बगायलाय की!"

पडदेवाली दोरी न सोडता म्हणाली, "बसा, आजी. त्यो आंधळा हाय. त्याला काय बी दिसत न्हाई."

म्हातारीला राक्षसाची कीव आली. उरलेला खेळ तिनं "बिच्चारा, बिच्चारा" करत पाहिला.

मध्यंतरात पडदेवाली मला जवळ बोलवायची. "ये गं. काय झालं? सांग." इतके खेळ झाले, पण तिनं स्वतः एकही चित्र पाहिलं नव्हतं. मी आठ वर्षांची. आठवेल तेवढं सांगायची, उरलेलं पदरचं घालायची. एका राणीला तर मी तीनदा मारली. "आरं देवा!" ती म्हणायची, "मग तिची लेकरं कुणी संबाळली?" मग मला बसल्या बसल्या लेकरांची सोय लावावी लागे. माझ्या थापांवर ती खरी खरी रडायची आणि मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

एकदा राणीचं काय करावं ते सुचेना, म्हणून मी तिला विहिरीत टाकली. पडदेवाली खोक्यावरून पुढं वाकली.

"पडली का ढकलली?"

"पडली," मी म्हटलं.

"न्हाई. ढकललीच आसंल," ती म्हणाली. "खाली पाण्यातनं वर बगितलं, की काठावरचं माणूस लई मोटं दिसतं."

हे काकूनं ऐकलं. काकूनं तिला हळूच विचारलं, "कावून वं, असं कावून बोलता?" तेव्हा तिनं सांगितलं. ती नांदूरघाटची. नवऱ्यानं तिला विहिरीत ढकललं होतं. कपारीतल्या पिंपळाच्या मुळीला ती लोंबकळत राहिली. तो काठावर थोडा वेळ थांबला आणि निघून गेला. एका धनगरणीनं तिला वर काढलं, आणि ती तोंड झाकून चालत चालत बीडला आली.

"त्यो हुडकायलाय मला," ती म्हणाली. "माज्या भावाला सांगून गेला, की गावली तर आता वर येऊ देनार न्हाई. नांदूरघाटचं लोक तारकंला कचेरीत येतेत, अन् कचेरीतनं उठले की हितंच. त्येंच्यातलं कोन तिकडं बसलंय, मला काय ठावं? तोंडावर पदर हाय तवर मी जित्ती हाय."

काकूनं तिचा हात धरला. "कवाबी नड पडली तर आमच्याकडं या. पेठंत, चिंचंसमोरचं दार." काकूनं ते अगदी मनापासून सांगितलं होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

त्यानंतर मला त्या पट्ट्यात बसायची भीती वाटायला लागली. चित्र सोडून मी पलीकडच्या अंधारात पाहायची. ओळीनं पटके, फेटे, टोप्या. त्यातला कुठला काठावर उभा राहिला होता?

आणि तरी मीच ते केलं. खाली जमीन गार असायची, आणि बाजूला सारलेल्या पडद्याचा मऊ ढीग पडलेला असायचा. "पडद्यावर बसू नगंस, बाई," असं तिनं मला वीसदा तरी सांगितलं असेल. त्या सोमवारी चित्र फार रंगलं होतं. मी सरकत सरकत त्या ढिगावर जाऊन बसले.

त्याच सोमवारी काकांच्या गाडीचा कणा वेशीबाहेर मोडला. शेतावर जाणं राहिलं. सोबतच्या दोघांनी आग्रह केला, आणि वेळ घालवायला ते तिघे थेटरात येऊन बसले. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मशीन खोकलं. तिनं झटका दिला. पडदा हलला नाही. तिनं पुन्हा दिला, आणि दोरी काडकन तुटली. तिनं खाली वाकून पाहिलं, मी बसलेली.

दिवे लागले.

तिसऱ्या बाकावर काका आळस देत उभे राहिले होते. अजून त्यांचं तोंड चित्राच्या बाजूला होतं. काकू अगदी पुढं बसलेली, रडून रडून पदर खांद्यावर आलेला. तिनंही त्यांना पाहिलं. तिला पदर ओढायचंही सुचेना, ती नुसती बघत राहिली. काका वळायला लागले होते.

पडदेवालीच्या मागंच दार होतं. तिला पळता आलं असतं. त्याऐवजी ती उठली, त्या उघड्या जागेतून पुरुषांच्या बाजूला गेली, डोक्यावरचा पदर ओढून काढला आणि दोन्ही हातांत ताणून आमच्यासमोर धरला.

"काय बगता बे?" ती ओरडली. "बाई बगायची हाय? ही बगा!"

सगळं थेटर तिच्याकडे पाहायला लागलं. काकाही. आम्हाला मागून फक्त तिची पाठ दिसत होती, पिकलेला एवढासा अंबाडा, आणि ताणून धरलेले हात. तिचं तोंड त्या दिवशी गावातल्या सगळ्या पुरुषांनी पाहिलं. मी मात्र ते कधीच पाहिलं नाही.

बायका मागच्या दाराकडे पळाल्या. काकूनं माझं बखोट धरून मला ओढलं. दारातून बाहेर पडताना पुरुषांमधून एक आवाज आला. कुणीतरी एका बाईचं नाव घेतलं. एकदाच, मोठ्यानं नाही, घरातल्या माणसाला हाक मारावी तसं. ते नाव मला अजून आठवतं. तिनं आम्हाला ते कधी सांगितलं नव्हतं, म्हणून मीही इथं लिहीत नाही.

दिवेलागणीला काका घरी आले ते हसतच. "आज थेटरात एका बाईनं काय तमाशा केला!" ते ओसरीवर बसून सांगायला लागले. काकू आत भाकरी थापत होती. मी दाराशी. तेवढ्यात कडी वाजली.

मी दार उघडलं. ती होती. पदर पुन्हा हनुवटीखाली. एक हात चौकटीला धरलेला. ओसरीच्या कोपऱ्यात बसलेले काका तिला दिसले नसावेत.

"बाई," तिनं आत हाक घातली, "तुमी म्हनल्या व्हत्या नं..."

"कोन हाय गं?" काकांनी विचारलं. तशी ती दचकली.

काकू पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिनं तिच्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला, तरी कुणी हललं नाही.

"कुनास ठावं," काकू म्हणाली. "मी न्हाई वळखत."

काका उठले. त्यांनी तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "ही तर थेटरातली बाई. लुगडं त्येच हाय. ही तुला कावून बोलायली?"

काकूच्या बोटांवरचं पीठ खाली पडत होतं. काकांनी तिच्या उत्तराची वाट पाहिली नाही. ते माझ्याकडे वळले. लेकरू खोटं बोलत नाही, असा त्यांचा समज होता.

"पोरी, तू वळखतीस का हिला?"

मी त्या पदराकडे पाहिलं. त्याच्या आतून तीही माझ्याकडे पाहत असणार. काकू माझ्याकडे पाहतच नव्हती. मी हो म्हटलं तर काकू गेली, आणि नाही म्हटलं तर ही. आठव्या वर्षी एवढं मला स्पष्ट कळत होतं. कळत नव्हतं, असं सांगून सुटायची सोय मला नाही.

"न्हाई," मी म्हटलं.

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "चुकलं, मालक. घर चुकलं माजं." आवाज नेहमीसारखाच होता, मध्यंतरात मला जवळ बोलवायचा तसा. तिनं चौकटीचा हात काढला आणि पायरी उतरली.

समोर चिंचेखाली दोन माणसं उभी होती. एकाच्या डोक्याला गुलाबी पटका. त्यांना काही घाई दिसत नव्हती. तिनं त्यांना आत्ताच पाहिलं की कडी वाजवायच्या आधीच, ते मला ठाऊक नाही.

काकूला सवत आली नाही. पुढं कुणी म्हणे, अशी एक बाई इंग्रजी मुलखात, नगरच्या बाजूला दिसली. कुणी दुसरंच काही म्हणे. नगरचं खरं धरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे.

"पोरी, दार लाव," काका म्हणाले.

वरच्या कडीपर्यंत माझा हात पोचत नसे. मी टाचा उंचावल्या आणि ती लावली.