थांबेबाईंची फेरी

बाईंबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. बरीच वर्षं आम्ही एकाच इमारतीत होतो. मी वरच्या मजल्यावर आणि खाली रस्त्याला लागून त्यांचं तिकिटांचं ऑफिस. नोकरीतून निवृत्त झाल्यावर रोज सकाळी मी तिथं जाऊन बसायचो. तरी त्यांनी लग्न का केलं नाही, घरी गेल्यावर त्या काय करायच्या, त्यांना गाण्याची आवड होती की नव्हती, यातलं मला काहीच ठाऊक नाही. विचारलं असतं तर आवडलं नसतं असंही नाही. विचारायचं मला सुचलंच नाही. गेल्या महिन्यात बाई गेल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीने परदेशातून फोन करून सांगितलं की तुम्ही रोज तिथं बसायचात, तर चार ओळी लिहून पाठवा. मी पुष्कळ आढेवेढे घेतले, पण त्या ऐकेनात. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर जे घडलं तेवढंच लिहितो.

ऑफिस म्हणजे एकच खोली. टेबल, संगणक आणि तीन खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. ती बाई गिऱ्हाइकाला देत नसत, म्हणून ती माझी झाली होती. भिंतीवर विमानाचं एकही चित्र नव्हतं. आधी तिथे चष्म्याचं दुकान होतं, त्याचा अक्षरांचा तक्ता तसाच राहिला होता. ताटकळलेली माणसं एक डोळा झाकून तो वाचत बसायची.

दूरच्या देशात जायचं तर एका विमानात काम होतंच असं नाही. मध्ये कुठेतरी उतरून दुसरं विमान पकडावं लागतं. ते मधलं ठिकाण कोणतं असावं आणि तिथे किती वेळ मिळावा, हे ठरवणं हेच बाईंचं खरं काम होतं. इतर तिकीटवाले लवकर पोचवण्याच्या गोष्टी करायचे, बाई मध्ये भरपूर वेळ थांबवायच्या. म्हणून शेजारच्या औषधवाल्याने त्यांना थांबेबाई नाव ठेवलं होतं. बाईंकडून तिकीट काढलं असेल तर सोबत उशी न्या, असं तो लोकांना सांगायचा. बाई त्याला एकदा म्हणाल्या, "तुमचं गिऱ्हाईक परत आलं तर औषध लागू पडलं नाही असं समजायचं. माझं परत आलं तर तिकीट लागू पडलं." त्यानंतर थोडे दिवस त्याने उशीचं नाव काढलं नाही.

विमानतळांनाही त्यांनी आपली नावं दिली होती. एक गालिच्यांचा, तिथे बॅगेची चाकं रुतायची. एक सरकत्या पट्ट्यांचा, तिथे पाय दुखत नाहीत पण भांबावलेला माणूस भलतीकडे पोचतो. एक गारठ्याचा, तिथे जाणाऱ्याला शाल बॅगेत न टाकता हातात ठेवायला सांगायच्या. हे सगळं त्या गिऱ्हाइकांकडूनच गोळा करत. परत आलेल्या माणसाला त्या देश कसा होता ते विचारत नसत. पाणी कुठे मिळालं, बसायला पाठ टेकणारी खुर्ची होती का, दुसऱ्या दरवाज्यापर्यंत चालताना मध्ये किती वेळा थांबलात, असले प्रश्न असायचे.

त्यांची एक पद्धत मला फार दिवस कळली नव्हती. कोणी वयस्कर माणूस तिकिटाला आला की बाई ऑफिसला कडी घालायच्या आणि त्याला घेऊन रस्त्याच्या टोकापर्यंत चालत जायच्या. तिथे चपला दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीला वळसा घालून परत. वाटेत मुलंबाळं, दुखणीखुपणी, काहीबाही बोलणं. मला वाटायचं, बाईंना पाय मोकळे करायचे असतील. मग माझीच पाळी आली. मला परदेशात मुलीकडे जायचं होतं. बाईंनी मलाही, मला पुढे ठेवून, फिरवून आणलं आणि परत आल्यावर गालिच्यांच्या विमानतळावरून जाणारं तिकीट काढलं. मध्ये अर्धा दिवस काढायचा होता. मी जरा कुरकुरलो, पाय तर माझे चांगले आहेत म्हणालो.

"पाय चांगलेच आहेत," बाई म्हणाल्या. "पण टपरी हलवलीय हे तुमच्या लक्षात आलं नाही, आणि तुम्ही कोणाला विचारलंही नाहीत. शोधत राहिलात. तिथे वाट चुकलात तरी तुम्ही कोणाला विचारणार नाही. तुम्हाला चुकायला वेळ पाहिजे."

तिथे मी खरंच दोनदा चुकलो आणि कोणाला विचारलं नाही. तरी वेळेत पोचलो.

बाईंचं सगळंच बरोबर यायचं असं मात्र नव्हे. वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरने त्यांचं न ऐकता फोनवरून आपलं आपण तिकीट काढलं. मध्ये जेमतेम वेळ होता. तो मजेत जाऊन आला आणि मुद्दाम खाली येऊन तसं सांगून गेला. बाई बरं झालं म्हणाल्या, आणि त्यालाही पाणी कुठे मिळालं ते विचारून घेतलं.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायचं ते सांगतो. त्या दिवशी मी खाली गेलो तेव्हा बाई संगणकासमोर नुसत्या बसल्या होत्या. आदल्या दिवशी त्यांच्या भाच्याचा फोन आला होता. ताईंच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, हृदयाची शस्त्रक्रिया ठरली होती. डॉक्टरांनी धोका आहे असं स्पष्ट सांगितलं होतं. बाईंना जायचं होतं आणि दोन वाटा होत्या. एका वाटेने गेलं तर शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी पोचता येत होतं, पण मधल्या विमानतळावर तासाभरात एका इमारतीतून दुसरीत जायला हवं होतं. ते चुकलं की सगळंच चुकणार. दुसऱ्या वाटेत भरपूर वेळ होता, पण पोचेपर्यंत ताईंना आत नेलेलं असणार. कदाचित शेवटची भेटही हुकणार.

असं काही दुसऱ्या कोणाचं असतं तर बाईंनी चहा संपायच्या आत ठरवलं असतं. त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितलं ते त्याआधी कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी धंदा नुकता सुरू केला होता तेव्हाची गोष्ट. आई फार आजारी होती आणि ताई परदेशातून यायला निघाल्या होत्या. बाईंनी हौसेने त्यांचं तिकीट स्वतः काढलं, सगळ्यात लवकर पोचणारं. मध्ये वेळ अगदी थोडा होता, पण बाईंना त्याची काळजी वाटली नाही. शाळेत धावण्यात ताईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. "तिकीट काढताना माझ्या डोळ्यांसमोर तीच ताई होती, दोन वेण्यांची," बाई म्हणाल्या. "मध्ये किती वर्षं गेली, दोन बाळंतपणं झाली, गुडघा दुखावला. हे फोनवर मला कुठे दिसणार?" मधल्या विमानतळावर ताई दुसऱ्या विमानाच्या दाराशी पोचल्या तेव्हा ते समोरच बंद झालं. दुसऱ्या दिवशीच्या विमानाने त्या आल्या, तोवर घरात सगळं आटोपलं होतं. भांडण झालं नाही. मला एकदा विचारायचं होतंस, एवढंच ताई म्हणाल्या, आणि त्यानंतर दोघी वाढदिवसाला फोन करून हवापाण्याच्या गोष्टी करत राहिल्या.

त्या फेऱ्या कशासाठी होत्या ते मला तेव्हा कळलं. मी तक्त्यावरची बारीक अक्षरं बघत बसलो.

बाई उठल्या, कोपऱ्यातली प्रवासाची बॅग घेतली, तिच्यात जुन्या फायली भरल्या आणि मला म्हणाल्या, "चला काका. आज तुम्ही बघायचं."

आम्ही निघालो. बाई भरभर चालत होत्या, माझ्या पुढे. औषधवाल्याने दारातून विचारलं की आज कोण कोणाला फिरवतंय, पण बाई तशाच पुढे गेल्या. टपरीपर्यंत ठीक होतं. वळसा घेताना त्यांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली. परतताना शिंप्याच्या पायरीशी थांबल्या आणि खांद्यावरची ओढणी सारखी केल्यासारखं केलं. श्वास लागला होता.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या, "पोचेन का मी त्या दारापर्यंत?"

कोणाला तोंडावर नाही म्हणणं मला आयुष्यात जमलेलं नाही. पण बाईंनी मला कधी गोड बोलून तिकीट दिलं नव्हतं. मी म्हणालो, "नाही पोचणार, बाई."

त्यांनी मान हलवली. ऑफिसात आल्यावर ताईंना फोन लावला आणि तो टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला, कारण विमानांच्या वेळा वाचून दाखवायच्या होत्या. मी जायला उठलो तर त्यांनी हाताने बसा म्हणून खूण केली.

बाईंनी दोन्ही वाटा सांगितल्या, एकदाही न अडखळता. मग म्हणाल्या, "ताई, या वेळी तू सांग. तू म्हणशील ते काढते."

मग ताईंनी विचारलं, "तू चालतेस कशी आता?"

"आत्ताच चालून आले. टोकापर्यंत जाऊन येताना धाप लागली."

ताई हसल्या. "म्हणजे तूही म्हातारी झालीस की गं. मग लांबचंच काढ."

"पण तू आत असशील."

"असेन. तू बाहेर बस. मी शुद्धीवर आले की बोलू."

"आणि ताई..."

"आणि नाही आले तर तुझा दोष नाही. तू मला विचारलंस. आता काढ तिकीट, आणि पळत येऊ नकोस, तुला ते कधी जमलं नाही. शाळेत शेवटून पहिली होतीस."

बाईंनी तिकीट काढलं. काढताना त्यांचा चष्मा दोनदा पुसून झाला.

पुढचं मला गेल्या महिन्यात ताईंनीच फोनवर सांगितलं. बाई पोचल्या तेव्हा ताईंना आत नेलेलंच होतं. त्या शुद्धीवर आल्या तेव्हा बाई शेजारच्या खुर्चीत बूट न काढता गाढ झोपल्या होत्या. ताईंनी नर्सला उठवू दिलं नाही. त्या बऱ्या झाल्या आणि बाई त्यांच्याकडेच मुक्काम वाढवत राहिल्या. तेवढ्यात माझ्या मुलाने मला दुसऱ्या गावी त्याच्याकडे आणलं. बाईंनी परत येऊन ऑफिस उघडलं असं कानावर आलं होतं, पण माझं तिकडे जाणं झालं नाही.

म्हणजे आमचं शेवटचं बोलणं झालं ते त्या निघाल्या त्या दिवशी. भर दुपार होती. मी बॅग टॅक्सीत ठेवली आणि फुटपाथवर उभा राहिलो. बाईंनी काच खाली केली.

"काका, ऑफिसची मागची खिडकी लावली का हो मी?"

"लावलीत."

"नक्की?"

"मी ओढून बघितली."

"बरं. मग उन्हात उभे राहू नका, वर जा."

"जातो," मी म्हणालो.