लिव्हर धरणाऱ्या वहिनी

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नसरापूरला स्पेअरपार्टच्या दुकानात उभा होतो. माझ्या मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकचा पाइप तडकला होता, नवा घेत होतो. फोन दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा. "गेली रे," एवढंच म्हणाला... त्या पुण्याला दवाखान्यात होत्या, पण घरी येतील असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. दुकानदाराने पाइप कागदात गुंडाळून हातात दिला आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? आता लिव्हर कोण धरणार! अशा वेळी डोकं कुठं जाईल, काही सांगता येत नाही.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना सांगतो. ब्रेकचा पाइप बदलला की आत हवा शिरते, ती काढल्याशिवाय ब्रेक लागत नाही. एकाने हँडलवरचं लिव्हर दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली चाकाजवळचा स्क्रू सैल करून बुडबुड्यांसकट ऑइल बाहेर येऊ द्यायचं आणि स्क्रू पुन्हा आवळायचा. मगच वरच्याने हात सोडायचा. आधी सोडला की हवा परत आत, आणि बसा पहिल्यापासून! गॅरेजवाल्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. कामथडी ते वेल्हे हा माझा रोजचा नोकरीचा रस्ता, मार्गासनीच्या पुढं ती वळणं, आणि ब्रेक कुणीतरी गप्पा मारता मारता आवळलेला? छे! म्हणून हे काम कायम घरच्या अंगणात. दादा सदा टेम्पोवर, माझ्या बायकोचं ऑइलच्या वासाने डोकं उठतं. राहिल्या वहिनी.

"गाडी तुमची आन् हात माजा, व्हय भावजी?" असं म्हणत त्या बाहेर यायच्या. आधी टाकीवर ओलं फडकं टाकायच्या. एकदा ऑइलचे थेंब सांडून टाकीचा रंग गेला होता. आल्या-गेल्याला त्या ते डाग दाखवायच्या, "आमच्या भावजींनी गाडीवर नक्षी काढलीया बगा." मग स्टुलावर बसून लिव्हर धरायच्या. "धरा" म्हटलं की "धरलं". स्क्रू हटून बसला की माझं तोंड सुटायचं. "शिव्या हळू घाला, आप्पांना ऐकू जाईल," असं त्या वरून बजावायच्या, पण हात तसूभर हलायचा नाही.

हलला तो एकदाच. काम संपत आलं होतं, स्क्रू सैल होता, आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, रानातून येऊन फाटकातून आत शिरले. सासरे दिसताच वहिनी ताडकन उठल्या आणि त्यांनी पदर डोक्यावर ओढला. लिव्हरच्या हाताने! स्क्रूला लावलेल्या नळीतलं ऑइल सर्रकन मागं गेलं, सगळी मेहनत पाण्यात. "अहो वहिनी!" मी असा ओरडलो की आप्पाच दचकले. काय झालं ते मी चिडून त्यांना सांगितलं. "सवय हाय ओ, हात आपसूक गेला," वहिनी म्हणाल्या. आप्पा पाय धुऊन आत गेले.

पुढच्या वेळी गाडी स्टँडवर आणि वहिनी स्टुलावर दिसल्या, तसे आप्पा फाटकाबाहेरच थांबले. डोक्यावर गवताचा भारा, वर भर दुपारचं ऊन. मी म्हटलं, आत या की. "हूं दे तुमचं. मी आलो की ती उठंल." वहिनी मान खाली घालून लिव्हर घट्ट धरून बसल्या. स्क्रू आवळल्यावर त्यांनी हाक दिली, "झालं आप्पा, या." पुढं कित्येक वर्षं हे असंच चाललं. सुनेने उठायची रीत आमच्या घरात कुणी मोडली नाही, आप्पाच बाहेर उभे राहायला लागले. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "भावजी, माजा बापसुदिक माज्यासाटी असा उन्हात उभा ऱ्हायला नसता." त्या दिवशी मात्र त्या थट्टा करत नव्हत्या.

त्या गेल्यावर तो पाइप तसाच कागदात पडून राहिला. मी नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी चालवत होतो. मला ते काम काढायचंच नव्हतं. मग एका उतारावर म्हैस आडवी आली, गाडी गटारात गेली आणि मी थोडक्यात वाचलो. बायको म्हणाली, "अजून एक जण घालवायचाय का या घरातला?"

रविवारी पाइप बसवला, ऑइल भरलं. टाकीवर ओलं फडकं टाकलं आणि सवयीने स्टूलही मांडलं. एक हात वर लिव्हरवर, दुसरा खाली स्क्रूवर, अशी कसरत करून बघितली. जमेना. वैतागून पाना फेकला आणि मान वर केली... तर फाटकाबाहेर आप्पा, डोक्यावर भारा घेऊन. कधीपासून उभे होते कोण जाणे. कुणीतरी 'झालं, या' म्हणायची वाट बघत होते.

मला रडूच फुटलं. म्हटलं, "आप्पा, या आत. आता उठायला कुणी न्हाई."

त्यांनी भारा उतरवला, हात धोतराला पुसले आणि स्टुलावर येऊन बसले. "कसं धरायची ती?" मी दाखवलं.

"धरा."

"धरलं."

बुडबुडे यायचे थांबले. मी स्क्रू आवळला. "झालं आप्पा, सोडा आता."

आप्पांनी हात काढला नाही. "ऱ्हाऊ दे जरा," म्हणाले, आणि लिव्हर तसंच धरून बसले.