सल्ला न देण्याची पदवी

लालबागच्या आमच्या चाळीत दीपककाका घाडीला न विचारता केलेली गोष्ट फिसकटते, असा एक समज आहे. तो दीपककाकाचाच आहे, पण त्याने तो इतका मनापासून पसरवला की आता सगळ्यांनाच तसं वाटतं. पोरीला कुठल्या शाखेला घालायचं, गुडघा कुणाला दाखवायचा, फ्रिज घेताना आधी काय बघायचं, सगळं काकाकडे. काका डोळे मिटतो, घसा साफ करतो, समोरच्याच्या खांद्यावर दोन बोटं ठेवतो आणि म्हणतो, "असं आहे ना... मी सांगतो म्हणून नाही, पण..." आणि सांगतो.

यातला 'ना' लांबवायचा आणि 'पण' गिळायचा. मला ते जमतं. एकदा गॅलरीत करून दाखवत होते, तर त्याच्या बायकोने, कालिंदीकाकीने, मोरीतून ओरडून सांगितलं, "आलात तर आधी दूध घेऊन या!"

दिवसा काका एका लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत फोनवर तक्रारी घेतो. तिथे त्याला कुणी काही विचारत नाही. लोक लिफ्टमध्ये अडकलेले असतात, त्यांना सल्ला नको असतो, बाहेर यायचं असतं. एवढी बुद्धी रोज वाया जाते म्हणून पन्नाशीला टेकल्यावर काकाने संध्याकाळच्या कॉलेजात पॅरालीगलच्या पदवीला नाव घातलं. पॅरालीगल म्हणजे वकील नव्हे. वकिलाच्या हाताखाली कागद लावायचे, आलेल्या माणसाची हकिकत लिहून घ्यायची, अर्ज तयार करायचे. चाळीने मात्र 'वकील' एवढंच ऐकलं आणि काकाने ते दुरुस्त केलं नाही.

पहिल्याच परीक्षेनंतर भाषा पालटली. छत गळायचं, त्याची 'सदरहू गळती' झाली. नळावरच्या भांडणात काका म्हणाला, "सकृतदर्शनी कळशी यांचीच दिसते." जेवताना आमटीला नाव ठेवायला गेला, तर काकी म्हणाली, "सकृतदर्शनी बरी आहे, मुकाट गिळा." दाराला लावायची पितळी पाटीसुद्धा तयार झाली, नाव आणि खाली 'पॅरालीगल पदवीधर'. काकीने ती कपाटामागे सारली. "निकाल लागू दे, मग ठोका खिळा."

तिसऱ्या वर्षी फक्त एक गोष्ट उरली. दोन महिने एखाद्या वकिलाच्या ऑफिसात काम करायचं आणि शेवटी सर्टिफिकेटवर त्यांची सही घ्यायची. सही नाही तर पदवी नाही. दादरला रानडे रोडजवळ एका माडीवर वैदेही टिपणीस मॅडमचं ऑफिस आहे, तिथे काकाची सोय लागली. मॅडमने पहिल्याच दिवशी नियम सांगितला. क्लायंट बोलेल ते त्याच्या शब्दांत लिहायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. आणि सल्ला अजिबात द्यायचा नाही.

म्हणजे बघा, ज्याला आयुष्यभर एकच काम आलं, तो तीन वर्षं फी भरून ते न करायला शिकत होता.

पहिल्या आठवड्यात एक गृहस्थ घटस्फोटाची नोटीस द्यायला आले. मॅडम फोनवर होत्या. काकाने डोळे मिटले. "असं आहे ना... एकदा दोघं महाबळेश्वरला जाऊन या." गृहस्थ गेले ते परत आलेच नाहीत. दुसऱ्यांदा एका भाडेकरूला त्याने परस्पर सांगितलं, भाडं थांबवा, मालक आपोआप सरळ येतो. मालक सरळ आला, पण कोर्टातून. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मिस्टर घाडी, तिसऱ्यांदा झालं तर सही विसरा." तेव्हापासून काका ऑफिसात तोंडात बडीशेप धरून बसायचा. ती चावत असलं की बोलता येत नाही, असा त्याने स्वतःलाच दिलेला सल्ला होता.

शेवटचा आठवडा उरला होता आणि चाळीतच राहणाऱ्या माझ्या शेवंतीमावशीला वकील लागला. देवगडकडच्या घरात तिच्या नवऱ्याचा, म्हणजे आता तिचा, वाटा होता. दिराने आधी कागद तिच्या हातात दिले आणि मग गणपतीत तालुक्याला नेऊन त्यांवर तिच्या सह्या घेतल्या. घर दुरुस्तीसाठी संमती, म्हणाला. निघालं हक्कसोडपत्र. मावशीला कुणीतरी टिपणीस मॅडमचं नाव दिलं आणि सोबत म्हणून तिने मला नेलं.

माडीवर चढून बघतो तर टेबलामागे दीपककाका. आम्हाला बघून त्याची बडीशेप थांबली.

"यांना हकिकत सांगा, हे लिहून घेतील," मॅडम म्हणाल्या.

मावशीने पदर सावरला आणि काकाकडे असं बघितलं, की जणू हा बाबा तिने जन्मात पाहिला नाही. "लिवा हां. सही करूच्या आधी मिया कागद मुंबयक आणलंय. आमच्या चाळीत एक शाणो आसा, तेका दाखयलंय. तो म्हणालो, कर सही."

काकाने लिहिलं. मॅडमने वाकून बघितलं. "'एका शेजाऱ्याने'? नाव विचारा ना."

काकाने खाली बघतच विचारलं, "नाव?"

"नाव कशाक व्हया?" मावशी म्हणाली. "तेका वायट वाटात."

"निदान तो नेमकं काय म्हणाला ते तरी सांगा," मॅडम म्हणाल्या. "शब्द महत्त्वाचे असतात."

"माका तसा बोलूक येवचा नाय. ह्या चेडवाक इचारा, ता हुबेहूब करता."

मॅडम माझ्याकडे वळल्या. आता मोठ्या माणसांनी विचारल्यावर नाही म्हणणं बरं दिसत नाही. मी डोळे मिटले. घसा साफ केला. मावशीच्या खांद्यावर दोन बोटं ठेवली. "असं आहे ना... मी सांगतो म्हणून नाही, पण सही करून टाका काकी. घरातलं भांडण कशाला वाढवता? फॉर्मॅलिटी असते."

डोळे उघडले तेव्हा मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. हा 'ना' त्यांनी बडीशेपेच्या आधी रोज ऐकला होता.

काका लिहीतच होता. बराच वेळ.

"वाचा," मॅडम म्हणाल्या.

काकाने वाचलं. आवाज नेहमीचा नव्हता, त्यात 'सदरहू'सुद्धा नव्हतं. "मी तो कागद आमच्या चाळीतल्या दीपक बाबाजी घाडी यांना दाखवला. त्यांनी फक्त पहिलं पान वाचलं आणि सही करा म्हणून सांगितलं."

मावशीची मान झटकन वर झाली. पहिल्याच पानाचं तिलाही ठाऊक नव्हतं.

"'फक्त पहिलं पान' हे क्लायंट बोलल्या?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मग खोडा. पदरचं घालायचं नाही."

काकाने खोडलं. आयुष्यात पहिल्यांदा पदरचं खरं घातलं, तर तेही चालेना.

मॅडमने दुसरा कागद, काकाच्या जबानीचा, टाइप करून घेतला. कागदात काय आहे हे न समजता मावशीने सही केली, हे सांगायला काका साक्षीदार म्हणून लागत होता. "पण साक्षीदाराला मी माझ्या ऑफिसात ठेवू शकत नाही. यावर सही केलीत तर आजपासून तुमचं काम बंद. दोन महिने भरले नाहीत, सर्टिफिकेट मिळणार नाही. पुढच्या वर्षी दुसरीकडे करा. सही करायची की नाही, ते तुम्ही ठरवा."

काकाने पेन उचललं, ठेवलं. मॅडमकडे पाहिलं, "मॅडम, तुम्हाला काय वाटतं?"

"मी तुमची वकील नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. मग मावशी खुर्ची सरकवून उठली, त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या खांद्यावर दोन बोटं ठेवली.

"दीपका, मिया सांगतंय म्हणान नाय," ती म्हणाली, "पण सही करून टाक. फॉरम्यालिटी आसता."

"आधी वाचतो, काकी," काका म्हणाला.

एकच पान होतं. ओळीवर बोट ठेवत त्याने ते शेवटपर्यंत वाचलं. मग उलटलं आणि मागची कोरी बाजूही नीट पाहून घेतली. मग सही केली.