हरेश्वरचा खांदा

हरेश्वरला गोल्फ येत नव्हतं असं कुणी म्हटलं, तर खुशाल त्याच्या तोंडाला काळं फासा. वरळी कोळीवाड्यातला हा गडी मुंबईच्या एका जुन्या क्लबात कॅडी होता. म्हणजे साहेब लोकांनी खेळायचं आणि याने त्यांच्या काठ्यांची थैली खांद्याला अडकवून मागे मागे चालायचं. पण सोमवारी क्लब बंद असला की मैदान कॅडींना मोकळं. तेव्हा हरेश्वर छोट्या लोखंडी काठीने चेंडू असा भोकापाशी नेऊन ठेवायचा, की बघणारे म्हणायचे, वा रे पठ्ठ्या!

घोडं पेंड खायचं ते लांब काठ्यांपाशी. पहिला, लांबचा फटका मारायचा तो ड्रायव्हरने, नाहीतर वूडने. नावाचंच वूड, लाकडाचा त्यात आता पत्ता नाही, सगळा धातूचा मामला. हरेश्वरने ड्रायव्हर फिरवला की चेंडू निघायचा शहाण्यासारखा सरळ, आणि अर्ध्या वाटेत, नाक्यावर हवालदार दिसलेल्या स्कूटरवाल्यासारखा उजवीकडे वळायचा. गेला झाडीत. सोबतचे कॅडी हसायचे, तोही हसायचा. कुणाचं काही अडत नव्हतं.

मग क्लबाने बॅटरीच्या गाड्या आणल्या. गाडी काठ्याही वाहते आणि साहेबालाही वाहते, वर चहापाणी मागत नाही. कॅडी काय समजायचं ते समजले. एकच जागा निघाली, खेळ शिकवणाऱ्या स्वप्नील सरांच्या हाताखाली मदतनिसाची. तिच्यासाठी परीक्षा ठेवली, आणि तीही नेमकी लांब काठ्यांची. तीन फटके मारायचे. एक जरी हद्दीबाहेर गेला तरी बाद.

आता चाळिशी ओलांडलेल्या माणसाने दुसरं करावं तरी काय? चुलतभावाच्या बोटीवर जावं, तर तो स्वतःच निम्मा वेळ किनाऱ्यावर जाळी शिवत बसलेला. मासळी राहिलीय कुठे! हरेश्वरची बायको प्राची प्रभादेवीला एका दवाखान्यात कामाला होती, पण तिच्या एकटीच्या जिवावर घर निभणारं नव्हतं. ती जागा मिळायलाच हवी होती.

स्वप्नील सर वयाने लहान, पण माणूस दिलाचा. त्यांनी हरेश्वरला रेंजवर, म्हणजे सरावाच्या पट्ट्यावर उभं केलं, चार चेंडू मारायला लावले आणि कपाळाला हात लावला.

‘दादा, कंबर तुमची जागच्या जागी, आणि उजवा खांदा सुटतोय पुढे. त्याने काठी आडवी येते आणि चेंडू वळतो. अहो, तुम्ही फेकताय काय?’

हरेश्वर चपापला. फेकतच तर होता तो! लहान असल्यापासून पहाटे खडपावर, किनाऱ्याच्या खडकांवर उभा राहून पाग टाकत आला होता. पाग म्हणजे एकट्या माणसाने फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या लावलेलं. अर्धं जाळं खांद्यावर घ्यायचं, कड दातात धरायची आणि आधी खांदा सोडायचा, मागून हात. तेव्हा कुठे ते पाण्यावर ताटासारखं उघडतं. छोट्या काठीने त्याचं हे खूळ इतकी वर्षं पोटात घातलं होतं. लांब काठी कसली ऐकून घेते!

‘मग जाळं बंद,’ त्याच्याकडून हे ऐकल्यावर सर म्हणाले. ‘एका अंगात दोन फेकी राहायच्या नाहीत.’

बंद तर बंद. उजव्या काखेत रुमाल दाबायचा आणि काठी खाली येईपर्यंत तो पडू द्यायचा नाही. आधी डावी कंबर वळवायची, मग खांदा, सगळ्यात शेवटी हात. चेंडू ठेवायचा डाव्या टाचेसमोर. रेंजवर जमेल तेवढं करायचं आणि उरलेलं घरामागच्या बोळात, हातात केरसुणीचा दांडा घेऊन. शेजारची मालन दारात बसून गंमत बघायची.

‘काय रे दादूस, कंबर बरी लचकवतोस! हळदीत नाचायचाय काय?’

हसू दे मेलीला. पण खरं सांगायचं तर सुरुवातीला सगळं पालथ्या घड्यावर पाणी. रुमाल पडायचा, कंबर दुखायची आणि चेंडू आपला झाडीतच. स्वप्नील सरांच्याही नाकी नऊ आले. मग कधीतरी वूडने मारलेला एक चेंडू वळलाच नाही. पुढे ड्रायव्हरचाही सरळ जायला लागला. हरेश्वरला आधी वाटलं, हा वाऱ्याचा खेळ. पण नाही, खांदा खरंच ऐकत होता.

परीक्षा दोन दिवसांवर आलेली. त्याची आई रखमा म्हणाली, बोयटांचं कालवण खाऊन किती दिवस झाले रे. तिचं मन कसं मोडायचं? गेला खडपावर आणि पाग फेकला. तो उघडलाच नाही! ओल्या गोधडीसारखा गोळा होऊन धप्पकन पडला. पुन्हा फेकला, पुन्हा गोळा. आणि काय सांगावं, या वेड्याला आनंद झाला. रिकामी टोपली घेऊन हसत हसत घरी आला.

‘आये, सवय गेली! पागच उघडत नाय!’

रखमा त्याच्याकडे बघतच राहिली. ‘बापसानं दिलेला हात इसरलास, नि दात काय काढतोस?’

दिवसभर ती त्याच्याशी बोलली नाही. हरेश्वरला ते लागलं. पण त्याने मनाची समजूत घातली, एकदा जागा मिळू दे, तिला बाजारातून ताजी मासळी आणून घालीन.

परीक्षेच्या दिवशी क्लबाची मंडळी छत्रीखाली खुर्च्या टाकून बसली होती. पहिला फटका वूडचा. सरळ. दुसरा ड्रायव्हरचा, तोही सरळ, हिरवळीच्या पट्ट्यात. स्वप्नील सरांनी लांबून अंगठा दाखवला. हरेश्वरने तिसरा चेंडू ठेवला, आणि समुद्रावरून वारा सुटला.

वारा डाव्या गालाला लागला, म्हणजे चेंडूच्या वाटेवर थेट समोरून. पाग टाकणाऱ्याला समोरून वारा आला, की आधी खांदा त्याच्यावर घालावा लागतो, नाहीतर जाळं उलटून आपल्याच तोंडावर येतं. हे कुणी शिकवावं लागत नाही, अंगच करतं. हरेश्वरने काठी वर नेली आणि खाली आला तो खांदा. चेंडूला काठी लागायच्या आधीच त्याला कळलं. चेंडू उंच चढला, उजवीकडे वळला आणि भिंतीपलीकडे गेला. जित्याची खोड म्हणतात ती अशी. खडपावर आईसाठी उपयोगी पडली नाही दळभद्री, नेमकी इथे उगवली!

जागा दीपेशला मिळाली. तोही कॅडीच, चांगला मुलगा आहे, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. मंडळी चहाला गेली. स्वप्नील सर तेवढे मागे राहिले.

‘दादा, एक मारा. असाच. आता कोण बघतंय?’

हरेश्वरला काठीही उचलू नये असं वाटत होतं. पण सरांचा शब्द मोडवेना. वारा तोच होता. त्याने ड्रायव्हर फिरवला. कंबर आधी वळली, खांदा मागून आला, आणि चेंडू वारा कापत सरळ गेला. इतका लांब आणि इतका सरळ फटका त्याच्या हातून जन्मात निघाला नव्हता.

‘बघा! आहे ना तुमच्यात!’ सर ओरडले. बिचाऱ्यांना खरोखर आनंद झाला होता.

कॅडीचा चेंडू कॅडीनेच आणायचा असतो. हरेश्वर चालत गेला. चेंडू पट्ट्याच्या बरोब्बर मधोमध पडला होता. त्याच्याकडे बघता बघता हरेश्वर खाली बसला आणि भर उन्हात ढसाढसा रडला. हाही मेला उजवीकडे गेला असता, तर काय बिघडलं असतं? माझ्या अंगातच नव्हतं गं, असं प्राचीला सांगता तरी आलं असतं.