यान हू सुओ आणि ओव्याची पुरचुंडी

नागपूरच्या विमानतळावर आईने माझ्या बॅगेत ओव्याची पुरचुंडी कोंबली आणि चारचौघांत खणखणीत आवाजात विचारलं, "पाळीत पोट दुखलं तर तिकडे कोण शेकून देणार गं तुला?" बाबा घाईघाईने ट्रॉलीची चाकं तपासायला लागले.

प्रश्न रास्त होता. इंग्लंडमध्ये रीडिंग गावात नोकरी सुरू झाली आणि दर महिन्याला मी भाड्याच्या खोलीत गुडघे पोटाशी घेऊन पडू लागले. जीपीने, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरने, दिलेल्या पेनकिलर पोटात ठरत नसत. मॅनेजर गोड बोलायचा, पण प्रोबेशनमध्ये इतकी सिक लीव्ह चालणार नाही हे मला कळत होतं. नोकरी गेली की व्हिसा गेला. आणि मला परत जायचं नव्हतं.

शेवटी स्टेशनजवळच्या चिनी औषधांच्या दुकानात शिरले. मिसेस लिननी माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवली, थेट आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या वैद्यांसारखी, आणि पिवळ्या वाळक्या कंदाचे तुकडे कागदावर ओतले. यान हू सुओ, व्हिनेगरमध्ये परतलेला. उकळला की घरभर लोणच्याची बरणी धुतल्यासारखा वास सुटायचा. हाऊसमेट खिडक्या उघडत फिरायची. आणि कडू तर असा, जहर!

"अगं, मग गूळ घाल त्यात," कॉलिंग कार्डवरून आईचा सल्ला आला. मी घातला. आलंही ठेचून घातलं आणि आपल्या काढ्यासारखा चांगला आटवला. हे ऐकून मिसेस लिन डोक्याला हात लावून हसल्या. "नो शुगर इनसाइड! शुगर आफ्टर!" म्हणत त्यांनी माझ्या तळहातावर एक सुकं लाल बोर ठेवलं. लहानपणी कडू औषधानंतर त्यांची आई हेच द्यायची म्हणे.

त्यांच्या पद्धतीने काढा केला आणि पुढच्या महिन्यात त्या दिवशी मी डेस्कवर ताठ बसून होते. किती आनंद झाला काय सांगू! एवढासा कंद, पण त्याने मला या देशात उभं केलं. तो पहिल्यांदा व्हिनेगरमध्ये परतून बघणाऱ्या माणसाचे पाय धरावेत असं मला अजून वाटतं.

काही वर्षांनी आई माझ्याकडे आली. एका शनिवारी मी अंथरुणात वळकटी होऊन पडले होते, तर किचनमधून व्हिनेगरचा वास आला आणि पाठोपाठ तव्यावर भाजणाऱ्या ओव्याचा. आईने कप दिला, पोटावर गरम पुरचुंडी ठेवली. "गूळ नाही घातला हं. हात पुढे कर." नागपूरहून आणलेलं सुकं बोर होतं.

नागपूरचे तुम्ही सगळे फोनवर विचारता, घरी कधी येतेस? हे दोन वास एकत्र येतात तिथे मी घरीच असते.